प्रश्नचिन्हापुढचा पत्ता आणि रोबोंची वेस

जबलपूरजवळ नर्मदेच्या काठी तिलवारा घाट आहे. १९३९ साली सुभाषचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली भरलेले त्रिपुरी काँग्रेसचे अधिवेशन याच परिसरातले. ‘तिलवारा’ हा शब्द देवनागरीत लिहायला चार व्यंजने आणि तीन मात्रा पुरतात. संगणकाच्या यूटीएफ-८ संकेतपद्धतीत मात्र या सात चिन्हांचे प्रत्येकी तीन बाइट होतात. जालपत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह आणि दोन अंक-अक्षरे अशा तीन खुणांनी लिहावा लागतो. म्हणजे सात चिन्हांच्या नावाचा पत्ता त्रेसष्ट खुणांचा! मराठी विकिपीडियावरील कोणत्याही लेखाचा पत्ता इतरत्र चिकटवून पाहिल्यास हा अनुभव येतो.

पण पत्त्याची लांबी हा किरकोळ भाग झाला. खरी अडचण सुरू होते ती त्यात प्रश्नचिन्ह आल्यावर. प्रश्नचिन्हाच्या पुढे ‘अमुक आवृत्ती दाखव’, ‘अमुक दोन आवृत्त्यांतील फरक दाखव’, ‘संपादनाची चौकट उघड’ अशा मागण्या जोडल्या जातात आणि प्रत्येक मागणीचा पत्ता वेगळा होतो. एखाद्या लेखाच्या शंभर आवृत्त्या असतील, तर त्यांच्या ४,९५० जोड्या होतात. लेख एकच, पण नुसत्या तुलनेची पाने जवळजवळ पाच हजार! माणूस यांतली दोन-चार उघडतो. शोधयंत्राचा रोबो मात्र दिसेल त्या दुव्यामागे निमूटपणे जात राहतो.

हा प्रश्न विकिपीडियापेक्षा जुना आहे. १९९४ च्या आरंभी ब्रिटनमधील नेक्सॉर कंपनीत काम करणाऱ्या मार्टिन कोस्टर यांच्या सर्व्हरवर एका बेबंद रोबोने विनंत्यांचा भडिमार केला. तो रोबो आपलाच होता, असे पुढे विज्ञानकथाकार म्हणून प्रसिद्ध झालेले चार्ल्स स्ट्रॉस सांगतात. कोस्टर यांनी सुचवलेला तोडगा अगदी साधा होता. संकेतस्थळाच्या मुळाशी ‘रोबोट्स’ नावाची एक मजकूर-फाइल ठेवायची आणि कुठे जाऊ नये ते तिच्यात लिहायचे. त्याच वर्षी जूनमध्ये रोबो बनवणाऱ्यांमध्ये त्यावर एकमत झाले. त्या मूळ मसुद्यात नोंदवलेल्या तक्रारी आजही ओळखीच्या वाटतात: तीच फाइल पुन्हा पुन्हा उचलणे, अंत नसलेल्या आभासी शाखांमध्ये शिरणे, आणि उघडताच काही घडवून आणणारी पाने उघडणे. मतदानाच्या पानावर रोबो पोहोचला की मत पडे!

मूळ नियम पत्त्याच्या आरंभापुरताच चाले. ‘या शब्दांनी सुरू होणारे पत्ते टाळा’ असे सांगता येई; पत्त्यात कुठेही प्रश्नचिन्ह आले तर थांबा, असे सांगण्याची सोय नव्हती. तारकाचिन्हाची सवलत शोधयंत्रांनी नंतर आपापल्या परीने दिली. या मर्यादेत विकिपीडियाच्या रचनेतील एक शहाणपण उठून दिसते. वाचनाचा लेख ‘विकि’ या मार्गावर असतो, तर प्रश्नचिन्हांची सारी यंत्रणा ‘डब्ल्यू’ या वेगळ्या मार्गावर. त्यामुळे रोबोंच्या फाइलमधली एक ओळ त्या हजारो पानांपुढे वेस घालते. १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी, सुरू झालेल्या मराठी विकिपीडियालाही याच व्यवस्थेचा आधार आहे. यात नुसती सर्व्हरची सोय नाही. एखाद्या व्यक्तीच्या लेखात कोणी खोडसाळपणे घातलेले खोटे वाक्य तासाभरात काढले, तरी ते जुन्या आवृत्तीत राहतेच. ती आवृत्ती शोधनिकालात आली, तर बदनामी चालूच राहते.

इथे बहुतेक विद्यार्थी चुकतात, म्हणून थोडे थांबतो. रोबोला पान उघडण्यापासून रोखणे आणि पान सूचीतून वगळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोखलेल्या पानाकडे दुसऱ्या एखाद्या स्थळाने दुवा दिला असेल, तर नुसता पत्ता सूचीत येऊ शकतो. ‘मला सूचीत घेऊ नका’ ही ‘नोइंडेक्स’ सूचना पानातच किंवा पानासोबत येणाऱ्या शीर्षमाहितीत असते. पानच उघडू दिले नाही, तर ती वाचणार कोण? दोन्ही कुलपे एकदम लावणारा निर्धास्त राहतो आणि फसतो.

केवळ एकाच मजकुराचे अनेक पत्ते असतील, तर २००९ च्या फेब्रुवारीत गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून मान्य केलेली ‘कॅनॉनिकल’ खूण उपयोगी पडते. मूळ पत्ता कोणता ते ती सांगते. ऐकायचे की नाही ते शोधयंत्र ठरवते. पत्त्यातील कोणते घटक दुर्लक्षावेत हे सांगण्याचे स्वतंत्र साधनही गूगलने काही वर्षे दिले होते. २०२२ मध्ये ते बंद करताना कंपनीने सांगितले की, लोकांनी केलेल्या मांडण्यांपैकी जेमतेम एक टक्काच उपयोगी होत्या.

दुर्लक्षाची किंमत भारतात २०२० साली दिसली. व्हॉट्सॲपच्या ‘क्लिक टू चॅट’ दुव्यांत फोनक्रमांक उघडा असतो. असे दुवे गूगलच्या सूचीत दिसत असल्याचे अतुल जयराम या संशोधकाने त्या जूनमध्ये दाखवून दिले. बरेच दुवे लोकांनी स्वतःच जाहीर केलेले होते हे खरे. पण गिऱ्हाइकाला क्रमांक देणे वेगळे आणि साऱ्या जगाच्या सूचीत तो लागणे वेगळे.

कोस्टर यांचा तोडगा अठ्ठावीस वर्षे निव्वळ सभ्यतेवर चालला. सप्टेंबर २०२२ मध्ये आरएफसी ९३०९ या क्रमांकाने त्याचे अधिकृत मानक झाले. लेखकांत कोस्टर यांचेही नाव आहे. हे नियम प्रवेशाचा परवाना नव्हेत, असे त्यातच स्पष्ट लिहिले आहे. ज्याला पाळायचे नाहीत त्याला ते अडवू शकत नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये विकिमीडिया फाउंडेशनने जाहीर केले की, तिच्या सर्व्हरांना सर्वांत महाग पडणाऱ्या वाहतुकीपैकी ६५ टक्के रोबोंची आहे. त्यांच्या झुंडी आता कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी मजकूर गोळा करायला येतात, आणि माणसे क्वचितच उघडतात अशी जुनी, आडबाजूची पानेही उपसून नेतात.