चंदीगढची उभारणी : निविदा आणि वास्तुविशारदाचा अधिकार

डिसेंबर १९५० मध्ये पंजाब शासनाने ल कॉर्बुझिए यांच्याशी करार केला. शासनाच्या वतीने वाटाघाटी करण्यासाठी दोन अधिकारी युरोपात गेले होते : राजधानी प्रकल्पाचे प्रशासक प्रेमनाथ थापर आणि मुख्य अभियंता परमेश्वरीलाल वर्मा. करारान्वये कॉर्बुझिए यांना 'वास्तुशास्त्रीय सल्लागार' हे पद मिळाले. वार्षिक मानधन २,००० पौंड ठरले आणि वर्षातून दोनदा, प्रत्येक वेळी सुमारे एक महिना, भारतात येऊन राहण्याचे त्यांनी मान्य केले. मॅक्सवेल फ्राय, जेन ड्रू आणि पिएर झानरे या तिघांची ज्येष्ठ वास्तुविशारद म्हणून तीन वर्षांसाठी नियुक्ती झाली. या व्यवस्थेतला 'सल्लागार' हा शब्द चंदीगढच्या अभ्यासकांनी फारसा मनावर घेतलेला नाही. नगररचना, प्रतीके, नेहरूंची आधुनिकता यांविषयी विपुल लेखन झाले आहे. परंतु हे शहर ज्या कंत्राटदारांनी बांधले ते कोणत्या रीतीने निवडले गेले आणि त्या निवडीत वास्तुविशारदाचे स्थान काय होते, हा प्रश्न बहुधा तळटिपेपुरताच उरतो. प्रस्तुत निबंधात त्या प्रश्नाचा विचार केला आहे.

प्रश्न केवळ कार्यालयीन नाही. इमारतीच्या गुणवत्तेची जबाबदारी ज्याच्यावर टाकली जाते त्याला ती बांधणारा हात निवडण्याचा अधिकार असावा की नसावा, हा त्यातला खरा पेच आहे.

चंदीगढला जी पद्धती लागू झाली ती चंदीगढसाठी तयार झालेली नव्हती. डलहौसीच्या कारकिर्दीत, १८५४-५५ च्या सुमारास, सार्वजनिक बांधकाम खाते स्वतंत्रपणे उभे राहिले. त्या खात्यात आराखडा, अंदाजपत्रक, निविदा, देखरेख आणि देयक या पाचही गोष्टी अभियंत्याच्या हाती एकवटल्या. वास्तुविशारद या साखळीत उशिरा आला आणि तोही बाहेरून. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई सरकारने जॉन बेग यांना 'सल्लागार वास्तुविशारद' नेमले. त्यांच्या हाताखाली आलेले जॉर्ज विटेट पुढे त्याच पदावर गेले. कॉर्बुझिए यांना मिळालेल्या पदनामाचा वंश येथपर्यंत पोचतो. सल्लागाराने नकाशा द्यावा, शैली सांगावी. पैसा आणि माणसे मात्र खात्याने हाताळावीत, अशी ही वाटणी होती. नवी दिल्लीत लुट्येन्स आणि बेकर यांच्यासारखे मातबर वास्तुविशारद असतानाही कामाची यंत्रणा मुख्य अभियंता ह्यू कीलिंग यांच्याभोवती फिरत होती, आणि सोभासिंग यांच्यासारखे कंत्राटदार त्या यंत्रणेतूनच मोठे झाले.

कंत्राटी व्यवहाराची शब्दसंपत्ती मराठीत जुनी आहे. मक्ता, ठेका, गुत्ता हे शब्द महसुलाच्या आणि अबकारीच्या व्यवहारांतून बांधकामाकडे आले. मराठवाड्यात आजही कंत्राटदाराला 'गुत्तेदार'च म्हणतात. 'निविदा' हा शब्द मात्र राज्यव्यवहाराच्या नव्या परिभाषेतला. मक्ता दिला जातो, निविदा मागविली जाते. या दोन क्रियापदांत जो फरक आहे तोच एका शतकाच्या प्रशासकीय सुधारणेचा फरक आहे. ही सुधारणा कशासाठी हवी होती हे महाराष्ट्राला वेगळे सांगण्याची गरज नाही. जोतीराव फुले स्वतः बांधकामाचे कंत्राटदार होते, खडकवासला धरणाच्या कामाशी त्यांचा संबंध होता, आणि इंजिनिअर खात्यातील कारकून, ओव्हरसियर व मजूर यांच्यातील व्यवहार त्यांनी जवळून पाहून त्यावर कठोर टीका केली होती. मोहोरबंद लिफाफा, बयाणा रक्कम, सर्वांसमक्ष निविदा उघडणे आणि सर्वांत कमी दराला पसंती ही पद्धत त्या अविश्वासाला दिलेले उत्तर आहे. खात्यातील माणसाच्या विवेकावर विश्वास ठेवायचा नाही आणि आकड्यावर ठेवायचा, असा तिचा गाभा आहे. ती जड आहे, पण निर्हेतुक नाही.

या परंपरेच्या शेजारीच, खासगी क्षेत्रात, एक दुसरी परंपरा वाढत होती आणि तिचे केंद्र मुंबई होते. १९१७ मध्ये विद्यार्थ्यांची संघटना म्हणून सुरू झालेल्या संस्थेतून १९२९ मध्ये 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स' आकाराला आली. ब्रिटिश व्यावसायिक प्रघातावर आधारलेल्या तिच्या करारपद्धतीत वास्तुविशारद हा मालक आणि कंत्राटदार यांच्या मधोमध उभा असतो. निविदा तो मागवितो, दरांची छाननी करून मालकाला शिफारस करतो, कामाचे मूल्य प्रमाणित करतो, आणि त्याच्या प्रमाणपत्रावाचून कंत्राटदाराला पैसे मिळत नाहीत. निवडीचा अखेरचा शब्द येथेही मालकाचाच. पण ज्याची शिफारस सहसा डावलली जात नाही आणि ज्याच्या सहीवर देयक अडते, त्याचे वजन साध्या सल्लागाराहून कितीतरी अधिक असते. फ्राय, ड्रू आणि झानरे ज्या व्यावसायिक जगातून आले तेथे वास्तुविशारदाला कामावर असे वजन असणे स्वाभाविक मानले जाई. चंदीगढला त्यांना खात्याची व्यवस्था भेटली.

राजधानी प्रकल्पाची वास्तुशाखा आणि अभियांत्रिकी शाखा वेगळ्या होत्या. वास्तुशाखेत परदेशी ज्येष्ठांच्या हाताखाली भारतीय तरुणांचा गट होता. मनमोहननाथ शर्मा, आदित्य प्रकाश, जीत मल्होत्रा, युली चौधरी ही नावे त्यात येतात आणि त्यांच्याबरोबर ए. आर. प्रभावळकर व जे. एस. देठे ही मराठी आडनावेही दिसतात. अभियांत्रिकी शाखा वर्मांची. सांरचनिक अभियंता महेंद्र राज हेही कारकिर्दीच्या आरंभी याच शाखेत उच्च न्यायालयाच्या व सचिवालयाच्या कामावर होते. नकाशा पहिल्या शाखेतून दुसऱ्या शाखेत जाई. तेथे त्याचे परिमाणपत्रक होई, दरसूचीवरून अंदाजपत्रक बने, तांत्रिक मंजुरी मिळे आणि निविदा निघे. कंत्राटाच्या भाषेत 'प्रभारी अभियंता' हाच शासन असतो. काम स्वीकारणे, नाकारणे, मोजणे हे सर्व त्याच्या मोजमाप पुस्तिकेतून होते. या पुस्तिकेत वास्तुविशारदाच्या सहीसाठी रकाना नाही.

असे असूनही चंदीगढ चंदीगढसारखेच दिसते, हे कसे घडले? माझ्या मते याचे उत्तर असे की, कंत्राटदार निवडता येत नाही हे गृहीत धरूनच या वास्तुविशारदांनी आराखडे केले. कोणत्याही कंत्राटदाराच्या हातून बिघडणार नाही असा आराखडा करणे हा निवडीच्या अधिकाराला त्यांनी शोधलेला पर्याय होता.

शासकीय घरांच्या बाबतीत ही गोष्ट फार स्पष्ट दिसते. मुख्यमंत्र्यापासून शिपायापर्यंत प्रथम तेरा आणि पुढे चौदा श्रेणी ठरविण्यात आल्या आणि प्रत्येक श्रेणीला खर्चाची मर्यादा घातली गेली. घराच्या सांकेतिक नावात श्रेणीचा आकडा आणि आराखडा करणाऱ्याचे आद्याक्षर असे. पोलाद आणि सिमेंट यांची टंचाई होती. वीट स्थानिक भट्ट्यांतून मिळत होती. म्हणून भिंती विटांच्या, पुष्कळदा गिलाव्याशिवाय उघड्या, गाळे अरुंद, आणि खिडक्यांऐवजी बऱ्याच ठिकाणी विटांच्या जाळ्या. गिलावा नसला की गवंड्याचा दोष लपत नाही, हे खरे. पण विटेचे काम पंजाबातल्या गवंड्याला उत्तम येत होते आणि दरसूचीत त्याचा दर पक्का होता. ज्या कामात कंत्राटदाराला चुकायला वाव कमी, त्यातच सौंदर्य शोधायचे, हा झानरे यांच्या घरांमागचा विवेक आहे. त्यांचे नाव कॉर्बुझिए यांच्या सावलीत राहिले, तरी या बाबतीत ते अधिक शहाणे होते असे वाटते.

कॅपिटॉलवरील इमारतींत गोष्ट अवघड झाली. उघड्या काँक्रीटचे सूर्यरोधक, वक्र छते, साच्याचे ठसे पृष्ठभागावर तसेच ठेवणे यांना दरसूचीत जागा नव्हती. अशा बाबींचा दर पृथक्करण करून ठरवावा लागतो आणि काम सुरू झाल्यावर निघालेल्या 'जादा बाबी' हे कंत्राटदार व खाते यांच्यातील वादाचे जुने क्षेत्र आहे. येथे बाबनिहाय दरांच्या निविदेचा एक अनपेक्षित लाभ लक्षात घेतला पाहिजे. एकमुस्त रकमेच्या कंत्राटात नकाशे निविदेपूर्वीच पूर्ण असावे लागतात. बाबनिहाय कंत्राटात परिमाणे बदलली तरी दर टिकतो. पॅरिसहून टप्प्याटप्प्याने तपशील पाठविणाऱ्या आणि सहा महिन्यांनी कामावर येऊन बदल सुचविणाऱ्या सल्लागाराला अभियंत्यांची ही पद्धतीच सोयीची ठरली असली पाहिजे. ज्या यंत्रणेविषयी वास्तुविशारद नेहमी कुरकुर करतात तिच्या लवचिकपणावर त्यांचे स्वातंत्र्य बऱ्याच अंशी उभे होते.

काँक्रीटच्या खडबडीतपणाचेही असेच आहे. मार्सेल्सच्या निवासी इमारतीवर (१९५२) अनेक कंत्राटदारांच्या असमान कामामुळे काँक्रीट ओबडधोबड निघाले आणि कॉर्बुझिए यांनी तो दोष झाकण्याऐवजी त्यालाच शैलीचा दर्जा दिला. १९५५ मध्ये उद्घाटन झालेल्या उच्च न्यायालयाच्या वेळी हा धडा त्यांच्यापाशी होता. डोक्यावरच्या घमेल्यांतून वर जाणारे, हातांनी ओतलेले काँक्रीट गुळगुळीत निघणार नाही, हे गृहीत होते. कलासमीक्षकांनी या पृष्ठभागात आदिम सामर्थ्य पाहिले. त्यात निविदापद्धतीची सहीही आहे, एवढे येथे जोडावेसे वाटते.

मात्र आराखडा आणि निविदा यांच्या या तडजोडीत एक घटक दोन्ही कागदांच्या बाहेर राहिला. घमेली वाहणारी माणसे कंत्राटदाराची होती. शासनाच्या लेखी त्यांचे अस्तित्व दरातील मजुरीच्या अंशापुरते होते. त्यांच्या निवाऱ्याची तरतूद नकाशात नव्हती आणि कंत्राटी कामगारांविषयीचा कायदा यायला १९७० उजाडले. मधू सरीन यांनी १९८२ च्या आपल्या ग्रंथात या श्रमिक वस्त्यांचा प्रश्न सविस्तर मांडला आहे. कंत्राटदाराची निवड केवळ दरावर होते तेव्हा तो दर कोणाच्या पोटातून कमी केला जातो, हे विचारण्याचे काम अभियंत्याचे की वास्तुविशारदाचे, हे ठरलेले नव्हते. म्हणून ते कोणीच केले नाही.

खासगी बांधकामाच्या बाजूला चित्र नेमके उलटे झाले. १९५२ च्या राजधानी (विकास व नियमन) कायद्याने वास्तुविशारदांना मोठे बळ दिले. सेक्टर १७ मधील व्यापारी इमारतींवर 'चौकट-नियंत्रण' आले. खांबांची अंतरे, मजल्यांची उंची, दर्शनी भागाची रचना ठरलेली. भूखंडधारकाने आत हवे ते करावे. त्याने कंत्राटदार कोणताही निवडावा, दर कोणताही द्यावा, वास्तुशाखेला त्याच्याशी कर्तव्य नाही. शासकीय इमारतीत जे वजन वास्तुविशारदाला मिळाले नाही ते दुसऱ्याच्या मालमत्तेवर त्याला कायद्याने मिळाले.

आणि याच शहरात, याच बांधकाम खात्यातील रस्ता निरीक्षक नेकचंद यांनी पाडलेल्या गावांचा व बांधकामाचा टाकाऊ माल जमवून वर्षानुवर्षे गुपचूप एक उद्यान रचले. १९७६ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. अंदाजपत्रक नाही, तांत्रिक मंजुरी नाही, निविदा नाही. चंदीगढला येणारा प्रवासी मात्र बहुधा आधी तेच पाहतो.

पुढच्या काळात कायद्याने वास्तुविशारदाचे स्थान अधिक रेखीव केले. १९७२ च्या अधिनियमाने वास्तुशास्त्र परिषद स्थापन झाली. तिच्या सेवाशर्तींत निविदा मागविणे, त्यांचे विश्लेषण करणे आणि कंत्राटदाराच्या नियुक्तीबाबत मालकाला सल्ला देणे हा सेवेचा एक टप्पा मानला गेला. १९८९ च्या व्यावसायिक आचारविनियमांनी कंत्राटदाराकडून दलाली वा भेट घेण्यास मज्जाव केला. शासकीय कामांत तरीही दोन वेगळे न्याय चालू राहिले. दिल्लीच्या नव्या संसद भवनाचे उदाहरण बोलके आहे. २०१९ मध्ये वास्तुविशारद संस्था निवडताना गुणवत्ता आणि दर यांचा एकत्र विचार झाला; सप्टेंबर २०२० मध्ये कंत्राटदार मात्र न्यूनतम दराने ठरला. टाटा प्रोजेक्ट्सचा देकार ८६१.९० कोटी रुपयांचा, दुसऱ्या क्रमांकाचा ८६५ कोटींचा. अर्ध्या टक्क्याहूनही कमी अंतराने एवढ्या मोठ्या कामाचा निर्णय झाला. सर्वोच्च न्यायालयाने 'टाटा सेल्युलर' प्रकरणात (१९९४) शासनाला न्यूनतम दर स्वीकारण्याची सक्ती नाही हे मान्य केले होते. तरीही न्यूनतम दर सोडण्याचे कारण फाइलीवर लिहावे लागते, न्यूनतम दर घेण्याचे लिहावे लागत नाही, आणि अधिकारी स्वाभाविकपणे दुसरा मार्ग धरतो. अर्थ मंत्रालयाने २९ ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांनी विशेष गुणवत्तेच्या म्हणून घोषित केलेल्या बांधकामांत दराखेरीज इतर निकषांना कमाल ३० टक्के भारांक देण्याची मुभा दिली. हे निकष कोण तपासणार, त्या समितीत इमारतीचा वास्तुविशारद बसणार की नाही, हे त्या त्या कार्यालयावर अवलंबून आहे.

चंदीगढला हा प्रश्न आता नव्या बाजूने भिडतो आहे. कॅपिटॉल संकुल जुलै २०१६ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आले. त्याआधी २०१५ मध्ये पंजाब विद्यापीठातील झानरे यांच्या गांधी भवनासाठी आणि नंतर २०१७ मध्ये शासकीय संग्रहालयासाठी गेटी प्रतिष्ठानने संवर्धन आराखड्यांना अनुदान दिले. साठ-सत्तर वर्षांच्या काँक्रीटची दुरुस्ती ही साध्या दरसूचीत बसणारी बाब नाही. जुन्या पृष्ठभागाशी रंगाने, कणाने आणि साच्याच्या ठशाने जुळणारे मिश्रण आधी नमुना करून पाहावे लागते, आणि तो नमुना कोणी मान्य करायचा हे निविदा काढण्यापूर्वीच कागदावर यावे लागते. १९५१ मध्ये खडबडीतपणा चालून गेला, कारण तो आराखड्यातच धरलेला होता. आता तो जतन करायचा आहे, आणि न्यूनतम दराने काम घेतलेला कंत्राटदार तो घासून सपाट करून देईल तर त्याला अडविण्यासाठी मोजमाप पुस्तिकेत अजूनही एकच रकाना आहे.