रिटाची गोळी

परवा अमेरिकेतून भाचीचा फोन आला. लेकाला डॉक्टरांकडे नेलं होतं, तिथली प्रश्नावली भरता भरता तिच्या लक्षात आलं की ही तर आपलीच उत्तरं! आता चव्वेचाळिसाव्या वर्षी तिची तपासणी चालू आहे, 'अटेन्शन डेफिसिट'साठी. "मावशी, मला सगळे वेंधळी म्हणायचे ना गं?" म्हणायचो. मीही म्हणायचे.

मग बसले वाचत.

१९०२ साली लंडनमध्ये डॉ. जॉर्ज स्टिल यांनी या विषयावर व्याख्यानं दिली. बुद्धी चांगली, पण स्वतःला आवर घालता येत नाही अशी २० मुलं त्यांनी पाहिली होती. त्यांत मुलगे १५, मुली ५. १९३७ मध्ये अमेरिकेत डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांनी ३० मुलांना बेन्झेड्रिन दिलं, त्यांत ९ मुली. म्हणजे मुली पहिल्यापासून होत्याच की!

खरी गंमत पुढे आहे. १९४४ साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतले रसायनशास्त्रज्ञ लिआंद्रो पानिझोन यांनी एक नवं औषध बनवलं. त्यांच्या पत्नीनं ते घेऊन पाहिलं. टेनिस खेळायच्या आधी घ्यायची म्हणे. तिचं लाडाचं नाव रिटा, म्हणून औषध झालं रिटालिन. बाईच्या नावाची ही गोळी पुढे कितीतरी वर्षं दिली गेली ती मुख्यतः मुलग्यांना.

कारण डॉक्टरांकडे कोण जातं? जो बाकावरून उड्या मारतो तो. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या १९६८ च्या निदान-पुस्तकात आजाराचं नावच मुळी बालपणीच्या अतिचंचलतेचं होतं. खिडकीबाहेर बघत गप्प बसणारी मुलगी त्या नावात बसणार कशी? १९८० मध्ये 'लक्ष' हा शब्द नावात आला आणि चंचलता नसली तरी हा त्रास असू शकतो हे मान्य झालं. १९८७ मध्ये पुन्हा सगळं एकाच नावाखाली कोंबलं, १९९४ मध्ये पुन्हा वेगळं केलं. (आमच्या अभ्यासक्रम मंडळांची आठवण झाली.) १९९५ मध्ये सारी सोल्डन यांचं फक्त अशा बायकांवरचं पुस्तक आलं. तोवर अनेकींवर उपचार झाले ते चिंतेचे नाहीतर उदासीनतेचे. शाळेत आई पाठीशी असते, दप्तर भरून देते. नोकरी, संसार, मूल एकदम अंगावर आलं की मग तोल जातो. तोवर बिचारी स्वतःलाच आळशी समजत असते.

अर्थात किल्ल्या विसरणाऱ्या प्रत्येकीला हा आजार नसतो, नाहीतर मला पहिली गोळी लागेल. लक्षणं लहानपणापासून असावी लागतात. पूर्वी सात वर्षांच्या आधी दिसायला हवीत अशी अट होती, २०१३ पासून ती बारा वर्षांची झाली. म्हणूनच भाचीच्या डॉक्टरांनी शाळेतला काही पुरावा असला तर मागितला.

ताईनं ट्रंक उपसून पाचवीचं प्रगतिपुस्तक शोधलं आणि मला फोटो पाठवला. तिन्ही सत्रांत एकच शेरा : 'हुशार आहे, पण लक्ष नसते.' खाली वर्गशिक्षिकेची सही. माझी.