बंद दारामागचा बंधुभाव : रायझिंग स्टार लॉज आणि परमहंस मंडळी

'लॉज' हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की त्याचा जुना अर्थ सांगू गेले तर वर्गात हशा पिकतो. भंडारा जिल्ह्यातील पवनी, आसगाव, अड्याळ या बाजूंच्या विद्यार्थ्यांना एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्य शिकविताना आम्हां दोघांनाही हा अनुभव आला आहे. तालुक्याच्या एस. टी. स्टँडसमोर 'लॉजिंग-बोर्डिंग' अशी पाटी असते, वर खोल्या आणि खाली जेवण; लॉज म्हणजे एवढेच. त्यामुळे 'मुंबईत 1843 साली हिंदी लोकांसाठी पहिली लॉज निघाली' असे वाक्य उच्चारले की मागच्या बाकावरून 'जेवणासहित काय सर?' असा प्रश्न येणारच. प्रश्न थट्टेचा असला तरी आम्हांस तो या विषयाच्या गाभ्याला हात घालणारा वाटतो. कारण त्या काळच्या मुंबईत बंधुभावाच्या ज्या दोन बंदिस्त सभा उभ्या राहिल्या, त्यांच्यातला खरा फरक जेवणाचाच होता.

लॉज म्हणजे मुळात पाथरवटांची झोपडी. मोठ्या इमारतीचे काम चालू असता दगड घडविणारे कारागीर जेथे अवजारे ठेवीत, विसावा घेत आणि धंद्यातील खुणा नवशिक्यांना शिकवीत, ती जागा. पुढे ज्यांनी आयुष्यात छिन्नी हाती धरली नाही अशा सभ्य गृहस्थांनी ही रचना उचलली. 1717 साली लंडनला त्यांचे मध्यवर्ती मंडळ झाले, 1723 साली नियमांचे पुस्तक निघाले, आणि गुण्या-ओळंबा, कर्कटक, कातडी एप्रन ही पाथरवटाची सामग्री नीतीच्या उपदेशाची प्रतीके बनली. तीन पायऱ्यांची दीक्षा, दाराबाहेर नागवी तलवार घेऊन उभा असलेला द्वारपाल, आत काळ्या-पांढऱ्या चौकटींची फरशी, आणि सभेत धर्म व राजकारण यांवर वाद घालायचा नाही हा दंडक. सदस्य व्हायचे तर ईश्वरावर विश्वास हवा. तो ईश्वर कोणता, हे विचारायचे नाही. नव्या उमेदवारावर मत पडे ते काळ्या-पांढऱ्या गोट्यांनी, आणि काळ्या गोट्या टाकणाऱ्याचे नाव कधी कोणास कळत नसे.

या गोट्यांची व्यवस्था ध्यानात ठेवली म्हणजे माणेकजी करसेटजी यांची हकीकत समजते. माणेकजी (1808–1887) मुंबईचे पारशी गृहस्थ. पुढे न्यायाधीश झाले, आणि 1863 साली निघालेल्या अलेक्झांड्रा मुलींच्या इंग्रजी शाळेमुळे त्यांचे नाव स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात आहे. त्यांना फ्रीमेसन व्हायचे होते. मुंबईच्या युरोपियन लॉजने त्यांना घेतले नाही. विलायतेस गेले, तेथेही दार उघडले नाही. अखेर पॅरिसमध्ये त्यांना दीक्षा मिळाली. ती घेऊन ते परतले, म्हणजे आता नियमाने 'बंधू' झालेले. तरीही मुंबईच्या लॉजने त्यांना आपल्यात बसवून घेण्याचे नाकारले. विश्वबंधुत्वाची शपथ घेतलेल्या माणसांनी शपथ घेतलेल्या दुसऱ्या माणसाला दाराबाहेर उभे केले, असा हा प्रकार.

यातून वाट काढली डॉ. जेम्स बर्न्स याने. काबूलमध्ये 1841 साली मारल्या गेलेल्या अलेक्झांडर बर्न्सचा हा थोरला भाऊ. स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजचा पश्चिम हिंदुस्थानातील प्रमुख. त्याने 15 डिसेंबर 1843 रोजी 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' नावाची निराळी लॉज स्थापन केली. अध्यक्ष स्वतः बर्न्स, चिटणीस माणेकजी, आणि सदस्य पारशी व मुसलमान. शपथ ज्याने त्याने आपापल्या धर्मग्रंथावर घ्यावयाची. जुन्या लॉजचे दार हिंदी माणसाला उघडले गेले नाही. त्याच्यासाठी शेजारी दुसरे दार केले गेले. याला उदारपणा म्हणावे की सोय, याविषयी आमचे दोघांचे एकमत नाही. एकाचे म्हणणे, त्या काळी एवढे होणेही मोठे. दुसऱ्याचे, वेगळी पंगत ती वेगळी पंगतच.

हिंदूंच्या बाबतीत अडचण आणखी होती. अनेक देव मानणारा मनुष्य 'ईश्वरावर विश्वास' कसा सांगणार, आणि जो सहबंधूच्या हातचे पाणी पीत नाही तो बंधू कसा होणार, असे दोन आक्षेप युरोपियन मेसन घेत. कलकत्त्यात प्रसन्नकुमार दत्त यांना या वादात तब्बल नऊ वर्षे ताटकळत ठेवून 1872 साली प्रवेश मिळाला. पुढे 1884 साली त्याच शहरात नरेंद्रनाथ दत्त या तरुणानेही दीक्षा घेतली. तेच पुढचे स्वामी विवेकानंद. आम्हांस यात मौज वाटते ती दुसऱ्या आक्षेपाची. स्वतः पारशी गृहस्थाला दारात उभे करणारे लोक हिंदूला जातिभेदाबद्दल बोल लावीत होते. आणि तरीही तो आक्षेप खोटा नव्हता.

मुंबईत जन्मलेला किपलिंग 1886 साली लाहोरच्या लॉजमध्ये दाखल झाला. 'द मदर लॉज' या त्याच्या कवितेत तेथल्या निरनिराळ्या धर्मांच्या आणि हुद्द्यांच्या बंधूंचा मेळा आहे. दाराबाहेर साहेब आणि सलाम, दाराच्या आत मात्र सगळे बंधू, असे त्याने मोठ्या जिव्हाळ्याने लिहिले आहे. पण त्याच कवितेत, कोणाची जात बाटू नये म्हणून आम्ही मेजवानी देत नसू, अशा अर्थाची एक कबुलीही तो देऊन जातो. लॉजने या देशाशी जुळवून कसे घेतले याचे याहून नेमके वर्णन आमच्या वाचनात नाही. एकत्र बसणे, एकत्र शपथ घेणे, हात हातात घेणे, सारे चालेल. ताट मात्र मधे आणायचे नाही.

रायझिंग स्टार निघाल्यानंतर सहा महिन्यांनी, 22 जून 1844 रोजी, सुरतेत 'मानवधर्मसभा' स्थापन झाली. दुर्गाराम मंछाराम आणि दादोबा पांडुरंग हे तिचे पुढारी. दादोबा तेव्हा सुरतेस शिक्षक होते. आपण त्यांना ओळखतो ते 1836 च्या व्याकरणामुळे. पुढे दादोबा मुंबईस आले आणि 1849 मध्ये त्यांच्या विचाराच्या तरुणांनी 'परमहंस मंडळी' काढली. योगायोग असा की त्याच वर्षी बर्न्स मुंबई सोडून गेला. मंडळीने लॉजची नक्कल केली असा दावा आम्ही करीत नाही. परंतु ज्या शहरात गुप्त दीक्षा, शपथ आणि बंद दार यांची चर्चा घरोघर होती त्याच शहरात, काही वर्षांच्या अंतराने, मराठी सुशिक्षितांनी हीच साधने हाती घ्यावीत, हे निव्वळ अपघाताने झाले असेही आम्हांस वाटत नाही.

साधने तीच असली तरी त्यांचा उपयोग मात्र अगदी उलटा. मंडळीचे मत थोडक्यात असे, की ईश्वर एक आणि मनुष्यजात एक. अध्यक्ष राम बाळकृष्ण जयकर (1826–1866). सभेत मराठी प्रार्थना होत. नव्या सदस्याला जातिभेद न मानण्याची प्रतिज्ञा करावी लागे, आणि ती केवळ तोंडाने करून भागत नसे. ख्रिस्ती माणसाने भाजलेल्या पावाचा तुकडा त्याने सर्वांसमक्ष खायचा आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यायचे. किपलिंगच्या लॉजने जे टाळले तेच मंडळीने दीक्षेच्या जागी आणून ठेवले. लॉजची शपथ घेऊन घरी गेलेल्या गृहस्थाचे काही बिघडत नसे. या तुकड्यानंतर घरी गेलेला तरुण मात्र, ते उघडकीस आले तर, घराबाहेर. वाळीत पडणे म्हणजे काय हे आज शब्दकोशातून समजावे लागते, पण त्याचा अर्थ अगदी घरगुती होता. बहिणीचे लग्न मोडते, बायको माहेरी नेली जाते, बापाच्या श्राद्धाला भटजी मिळत नाही.

म्हणून गुप्तता. सदस्यसंख्या पुरेशी वाढली म्हणजे एकदमच सगळे प्रकट करायचे, असा बेत होता. बाबा पदमनजी काही काळ या मंडळीत होते. 1854 मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि 'अरुणोदय' या 1888 च्या आत्मचरित्रात मंडळीची हकीकत लिहिली. 'यमुनापर्यटन'कार म्हणून आपण त्यांना परीक्षेपुरते वाचतो. वास्तविक या हकीकतीसाठीच ते वाचले पाहिजेत. जात सोडायची ती गुपचूप आणि घरी पाळायची उघडपणे, हे त्यांच्यासारख्या मनुष्याला फार काळ मानवणारे नव्हते. दादोबांनीही आपले 'धर्मविवेचन' 1868 साली छापले तेव्हा त्यावर स्वतःचे नाव घातले नाही. 'एक जगद्वासी आर्य' असे टोपणनाव घातले. त्यांना भित्रे म्हणण्याची घाई विद्यार्थी करतात. आम्ही ती करू देत नाही.

शेवट सर्वांना ठाऊक आहे. 1860 च्या सुमारास मंडळीची कागदपत्रे, त्यांतच सदस्यांची नावे, कोणीतरी चोरून नेली. नावे फुटणार या धास्तीनेच मंडळी विसकटली. अकरा-बारा वर्षांची ही सभा एका यादीने संपविली.

यादीचे हे हत्यार पुढेही चालले. 1890 मध्ये पुण्यास पंचहौद मिशनमध्ये झालेल्या चहापानाला रानडे, टिळक यांच्यासारखी माणसे होती. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे 'पुणे वैभव' पत्रात छापविली, शंकराचार्यांपर्यंत तक्रार गेली, ग्रामण्य झाले, प्रायश्चित्ते झाली. चहा-बिस्किटांसाठी एवढे होत असेल तर तीस वर्षांपूर्वीच्या पावाच्या तुकड्याची धास्ती किती असेल! उलट फ्रीमेसनांची तऱ्हा पाहा. इंग्लंडात गुप्त सभांविरुद्ध 1799 साली कायदा झाला तेव्हा लॉजना त्यातून सूट मिळाली ती एका अटीवर, दरवर्षी सदस्यांची नावे सरकारदरबारी द्यायची. ज्या सभेची यादी सरकारच्या कपाटात निर्धास्त पडून राहते, तिच्या गुपितांत कोणाच्या घराला आग लावणारे काही नसते. हस्तांदोलनाच्या खुणा आणि परवलीचे शब्द, एवढेच तिचे गुपित.

1867 साली 31 मार्च रोजी प्रार्थना समाज स्थापन झाला. दादोबांचे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग त्यात अग्रभागी होते. मंडळीचे पुष्कळसे विचार येथे आले, प्रार्थना आली, एकेश्वरमत आले, आणि दार उघडे झाले. पाव मात्र आला नाही. समाजात येण्यासाठी जात मोडण्याची अट नव्हती. काळाशी जुळवून घेणे म्हणजे काय टाकणे, हे येथे उघड दिसते. 1873 साली जोतीरावांचा सत्यशोधक समाज निघाला. त्याने भटजीवाचून लग्ने लावली, तीही चारचौघांत, आणि कज्जे कोर्टात लढविले. या तिघांना एका माळेत ओवून 'प्रबोधनाची वाटचाल' असे प्रकरण लिहिण्याची वाङ्मयेतिहासकारांना सवय आहे. त्या माळेत परमहंस मंडळीच्या वाट्याला एखादे वाक्य येते, तेही 'अल्पजीवी' या विशेषणासह. अ. का. प्रियोळकर यांनी 1966 मध्ये परमहंस सभा व तिचे अध्यक्ष यांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले नसते, तर तेवढेही आले असते की नाही याची शंका वाटते.

लॉज मात्र टिकली आणि बदलत गेली. पारशी समाजात तिला मोठी प्रतिष्ठा लाभली. अवेस्ताचे अभ्यासक खरशेदजी रुस्तमजी कामा (1831–1909) यांनी जरथुष्ट्री परंपरा आणि फ्रीमेसनरी यांच्या नात्यावर लिहिले, आणि त्यांच्या मेसनकार्याच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त 1907 मध्ये जीवनजी मोदी यांच्या संपादनाखाली गौरवग्रंथही निघाला. परक्या विधीला आपल्या पूर्वजांची वंशावळ जोडून तो आपलासा करण्याची ही रीत आपल्याकडे नवी नाही. मुंबईच्या फोर्ट भागात फ्रीमेसन्स हॉलची इमारत आहे. तिच्यावरून रोज हजारो लोक कचेऱ्यांना जातात. स्वातंत्र्यानंतर 24 नोव्हेंबर 1961 रोजी भारताची स्वतंत्र ग्रँड लॉज स्थापन झाली आणि रामपूरचे नबाब तिचे पहिले प्रमुख झाले. कोणी नव्या छत्राखाली यावे, कोणी जुन्या सनदेवर राहावे, याची मुभा लॉजना होती. वेदीवर गीता, कुराण, बायबल, अवेस्ता, गुरुग्रंथ एकाच वेळी उघडे ठेवले जातात. 1843 साली ज्याने त्याने आपला ग्रंथ आणायचा होता. आता सर्वांचे सर्व ग्रंथ एका मेजावर आहेत. स्त्रियांना प्रवेश नाही, तो तेव्हाही नव्हता. ॲनी बेझंट यांनी 1902 च्या सुमारास स्त्री-पुरुषांच्या संमिश्र लॉजची वाट काढली, पण ती निराळी शाखा.

आसगावच्या बाजूला या दोन्ही सभांचा वारा कधी आला नाही. तेथे बंधुभावाची जी सभा माणसांना ठाऊक आहे ती तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची. मोझरीचा गुरुकुंज आश्रम 1935 चा, आणि गावोगावच्या शाखांतील सामुदायिक प्रार्थना विदर्भात सर्वत्र परिचित. तिला दार नाही, द्वारपाल नाही. संध्याकाळी सतरंजी अंथरली की येईल तो ओळीत बसतो. त्यामुळे बंधुभावासाठी खोलीची दारे का लावावी लागली, हे या मुलांना पटकन कळत नाही. त्यांना खोली सांगावी लागते, ती संध्याकाळ सांगावी लागते, आणि तो पाव.

मागील सत्रात 'अरुणोदय'मधील हा भाग वाचून झाल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, की मंडळीतून परत आल्यावर हे लोक घरी जेवत ते कोणाच्या हातचे? आम्ही म्हटले, आईच्या, बायकोच्या. तिने पुढे विचारले, 'त्यांना सांगितलं होतं का?' तास संपल्याची घंटा झाली होती. त्या प्रश्नावर पुढच्या आठवड्यात आम्ही आणखी दोन तास घेतले.