स्ट्रॅटेजी गेमसाठी खऱ्या प्रदेशाचा नकाशा कसा बनवतात? वसईच्या उदाहरणातून समजून घ्या

'एज ऑफ एम्पायर्स २' सारख्या स्ट्रॅटेजी गेममध्ये नकाशा बनवण्यासाठी एडिटर असतो. त्यात जमीन, पाणी, जंगल, डोंगर एकेक चौकट रंगवत उभे करता येतात. अनेक खेळाडू त्यात खरे देश आणि खरी रणांगणं बनवतात. पण उपग्रहचित्र जसंच्या तसं उतरवलं, तर त्यावर खेळता येत नाही. असं का होतं, ते पाहू.

आधी काळ ठरवा

समजा, चिमाजी अप्पांची १७३७ ते १७३९ ची वसई मोहीम घ्यायची आहे. आजच्या चित्रातून समुद्रकिनारा, वसईची खाडी, अर्नाळा बेट आणि तुंगारेश्वरचे डोंगर घेता येतील. रेल्वे, महामार्ग, नालासोपारा-विरारच्या इमारती मात्र वगळाव्या लागतील. भरावामुळे खाडीकाठही बदलला आहे, म्हणून जुना नकाशा शेजारी ठेवा.

मोजमापाचं गणित

वसई किल्ला आणि अर्नाळा दोन्ही बसवायचे, तर साधारण २४ किलोमीटर बाजूचा चौरस लागतो. गेममधला मोठा नकाशा २४० × २४० चौकटींचा असतो. म्हणजे एक चौकट १०० मीटरची. वसई किल्ल्याचा विस्तार सुमारे ११० एकर धरला, तर त्याला जेमतेम ४५ चौकटी मिळतात. गेममधला एक किल्ला एकटाच १६ चौकटी अडवतो! तटबंदी, चर्च, बाजार, सैन्य यांना जागाच उरत नाही. म्हणून किल्ला चार-पाच पट मोठा काढतात आणि मधली मोकळी अंतरं आखडतात.

काय राखायचं?

ज्या भूगोलामुळे लढाई तशी झाली, तो बदलायचा नाही. वसई किल्ल्याला तीन बाजूंनी पाण्याचा आधार होता, जमिनीवरून हल्ला करायला मुख्यतः उत्तरेची बाजू होती. म्हणून मराठ्यांनी आधी आसपासची ठाणी घेतली: १७३७ मध्ये अर्नाळा, पुढे खाडीपलीकडचा धारावी किल्ला. शेवटी सुरुंगांनी बुरूज फोडला आणि मे १७३९ मध्ये पोर्तुगीज शरण आले. नकाशात खाडी अरुंद केली किंवा पायी ओलांडता येईल असं उथळ पाणी दाखवलं, तर या डावपेचांना अर्थच उरत नाही.

एक तांत्रिक गोष्ट: या गेममध्ये नकाशा पतंगासारखा तिरका दिसतो. उत्तर वर हवी असेल, तर चौकटी आखण्याआधी मूळ चित्र ४५ अंशांत फिरवा.

पूर्ण भारताचा नकाशा असेल तर?

इथे काळजी घ्यायलाच हवी. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणं हा १९६१ च्या फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियमाखाली गुन्हा आहे. ही तरतूद १९९० मध्ये जोडली गेली. सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. इंटरनेटवरच्या अनेक परदेशी नकाशांत जम्मू-काश्मीर आणि लडाखच्या सीमा वेगळ्या असतात. त्यामुळे आजचा भारत बनवताना सर्व्हे ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावरचाच नकाशा आधाराला घ्या. ऐतिहासिक नकाशा असेल, तर शीर्षकातच साल लिहा.

शेअर करण्यापूर्वी दोन्ही बाजूंनी एकेकदा खेळून पाहा. एकच बाजू दरवेळी सहज जिंकत असेल, तर अंतरं पुन्हा तपासा.