कल्पना कुणाची, पेटंट कुणाचं?

दर एक-दोन वर्षांनी भारतातून कुणी ना कुणी मला तीच मेल पाठवतं. फायबर ऑप्टिक्सचा शोध लावला नरिंदरसिंग कपानी या भारतीयाने, आणि २००९ चं नोबेल मिळालं चार्ल्स काओंना. बघा, कसा अन्याय! पाठवणाऱ्याला मनापासून वाईट वाटलेलं असतं, म्हणून मी सहसा वाद घालत नाही. पण या मेलमध्ये एक नाव कधीच नसतं. ज्यांनी हा धागा प्रत्यक्षात बनवला, त्याचं पेटंट घेतलं आणि त्यासाठी कोर्टात वर्षानुवर्षं भांडले, त्यांचं. त्यांची गोष्ट आज सांगतो.

पण आधी कपानी. जन्म १९२६, पंजाबातलं मोगा. आग्र्याला शिकले आणि मग लंडनच्या इंपीरियल कॉलेजात हॉपकिन्स यांच्याकडे संशोधनाला आले. काचेच्या बारीक धाग्यांच्या जुडीतून एका टोकाची प्रतिमा दुसऱ्या टोकाला नेता येते, हे या दोघांनी जानेवारी १९५४ मध्ये 'नेचर'मध्ये छापलं. 'फायबर ऑप्टिक्स' हे नाव रूढ करण्याचं श्रेयही कपानींचंच. त्यांना पुढे बरीच पेटंट मिळाली, २०२१ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषणही मिळालं. पण ती जुडी मीटरभराच्या आतलीच होती. रुग्णाच्या पोटात डोकावायला तेवढी पुरते, पुणे-मुंबई फोन लावायला नाही.

का नाही? प्रकाश धाग्यात कोंडून राहतो हे खरं. विहिरीत बुडी मारून तिरकं वर पाहिलं, की पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा दिसतो, तसंच हे. आतल्या गाभ्याचा अपवर्तनांक बाहेरच्या वेष्टणापेक्षा थोडा जास्त ठेवला, की प्रकाश आतल्या आत परावर्तित होत पुढे जातो. पण काच प्रकाश गिळते. १९६०च्या दशकातल्या चांगल्या काचेतसुद्धा वीसेक मीटरवर शंभरातला एकच भाग प्रकाश उरायचा.

काओंचं मोठेपण इथे आहे. इंग्लंडमधल्या हार्लोच्या प्रयोगशाळेत त्यांनी आणि जॉर्ज हॉकहॅमनी १९६६ मध्ये दाखवून दिलं, की दोष मुख्यतः काचेतल्या अशुद्धीचा आहे, काचेचा नाही. किलोमीटरला २० डेसिबल इतका ऱ्हास खाली आणला, म्हणजे एक किलोमीटरनंतर शंभरातला एक भाग उरला, तरी टेलिफोनचं काम भागेल. नोबेल मिळालं ते या विचाराला. धागा मात्र त्यांच्याकडेही नव्हता.

तो बनला न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंग नावाच्या छोट्या गावी, गावाचंच नाव लावणाऱ्या काचेच्या कंपनीत. रॉबर्ट मॉरर, डोनाल्ड केक आणि पीटर शुल्ट्झ हे तिघे तिथले. बाकी बहुतेक जण नेहमीची, सहज वितळणारी काच घेऊन ती शुद्ध करत बसले होते. मॉरर उलट्या टोकाने निघाले. त्यांनी शुद्ध सिलिका घेतली. ही वितळायला महाकठीण, सतराशे अंश सेल्सिअसच्या वर तापवावी लागते. पण कॉर्निंगकडे एक जुनं घरगुती औषध होतं. त्यांच्याच फ्रँकलिन हाइड या रसायनशास्त्रज्ञाने १९३४ मध्ये सिलिकॉनच्या संयुगाची वाफ ज्योतीत सोडून अतिशुद्ध सिलिकाची काजळी जमवण्याची युक्ती शोधली होती.

अडचण एकच. शुद्ध सिलिकाचा अपवर्तनांक इतर काचांच्या मानाने फार कमी असतो. मग गाभा कशाचा करायचा? मॉररचं उत्तर ऐकून तेव्हाच्या काचवाल्यांनी कपाळाला हात लावला असता. ज्या शुद्धतेसाठी एवढा खटाटोप, तिच्यातच मुद्दाम भेसळ करायची! गाभ्यातल्या सिलिकेत थोडं टायटॅनियमचं ऑक्साइड मिसळायचं, की त्याचा अपवर्तनांक वेष्टणाहून जरासा वाढतो.

११ मे १९७० ला पेटंटचा अर्ज गेला. ऑगस्टमध्ये केकने एका धाग्याचा ऱ्हास मोजला. तो काओंच्या २० च्याही खाली, १७ च्या आसपास भरला. त्याच्या वहीत त्या आकड्यापुढे आनंदाने लिहिलेलं 'व्हूपी!' आहे. दोन वर्षांत टायटॅनियमच्या जागी जर्मेनियम आलं आणि आकडा चारवर उतरला. आज तो ०.२ च्या जवळपास असतो. म्हणजे पूर्वी वीस मीटरवर जो एक भाग उरायचा, तो आता शंभर किलोमीटरवर उरतो.

मे १९७२ मध्ये पेटंट मंजूर झालं, क्रमांक ३,६५९,९१५. त्यातला कळीचा दावा थोडक्यात असा: वेष्टण शुद्ध किंवा भेसळीच्या सिलिकाचं, गाभा वेष्टणाहून जास्त भेसळीच्या सिलिकाचा, त्यामुळे अपवर्तनांक जास्त, आणि गाभ्यात किमान ८५ टक्के सिलिका. बस्स.

तेव्हाच्या अमेरिकन कायद्यानुसार पेटंट मंजुरीपासून सतरा वर्षं चालायचं. पण धाग्याला गिऱ्हाईक कुठे होतं? एमसीआयने एक लाख किलोमीटर धाग्याची ऑर्डर दिली ती १९८३ च्या सुमारास, म्हणजे अकरा वर्षं तशीच सरली होती. त्यातच १९७६ मध्ये कॉर्निंगने आयटीटीवर दावा लावला, तो १९८१ मध्ये तडजोडीने मिटला. गंमत म्हणजे काओ ज्या हार्लोच्या प्रयोगशाळेत होते ती याच आयटीटीच्या पंखाखालची. धाग्याने टेलिफोन चालेल ही कल्पना त्यांच्या घरात जन्मली, आणि आरोपीच्या पिंजऱ्यातही तेच!

खरी लढाई झाली जपानच्या सुमितोमो इलेक्ट्रिकशी. त्यांच्या एका धाग्याचा गाभा शुद्ध सिलिकाचा होता, आणि भेसळ होती वेष्टणात. ती फ्लोरीनची. फ्लोरीनमुळे अपवर्तनांक कमी होतो. म्हणजे गाभा वर उचलण्याऐवजी त्यांनी वेष्टण खाली ढकललं. त्यांचं म्हणणं सरळ होतं: पेटंटमध्ये लिहिलंय गाभ्यात भेसळ, आमच्या गाभ्यात भेसळच नाही.

शब्दशः पाहिलं तर बरोबर. पण १९८७ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टाने आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये अपील कोर्टानेही कॉर्निंगच्या बाजूने निकाल दिला. गाभा आणि वेष्टण यांच्यात जो फरक पाडायचा, तो दोघांनी तसाच पाडलाय, काम तेच आणि फळही तेच. म्हणून हे समतुल्य, असं कोर्टाचं म्हणणं. सुमितोमोने अखेर अडीच कोटी डॉलर मोजले. आता तारखा पाहा. अपिलाचा निकाल फेब्रुवारी १९८९, पेटंटची मुदत मे १९८९. किनारा दिसला आणि इंधन संपलं, असा प्रकार.

कॉर्निंगचे कष्ट मी कमी लेखत नाही. पण इंजिनिअर म्हणून मला हा निकाल टोचतो. भेसळ नसलेल्या गाभ्यात प्रकाश कमी विखुरतो, आणि आज समुद्राखालच्या लांब पल्ल्याच्या केबल्समध्ये शुद्ध सिलिकाच्या गाभ्याचे धागे वापरले जातात. कायद्याने ज्याला 'तेच' म्हटलं, ती काचेच्या दृष्टीने वेगळी आणि पुढची वाट होती. तरी कोर्ट तरी काय करणार? दाव्याचं अक्षर तेवढं धरलं असतं, तर कुणीही भेसळ इकडची तिकडे करून मूळ शोध फुकटात उचलला असता.

कामानिमित्त मलाही कधीकधी पेटंट वकिलासमोर बसावं लागतं. 'हा शब्द हवाच का?' असं तो विचारतो तेव्हा पूर्वी मी वैतागायचो. आता 'गाभा' आठवतो आणि मुकाट्याने विचार करतो.

असो. पुढच्या वेळी ती मेल आली की एवढंच लिहीन: काचेतून प्रतिमा नेता येते हे दाखवण्यात कपानींचा वाटा मोठा. ती काच शहरांना जोडेल हे काओंनी हिशेबाने दाखवलं. कशी बनवायची हे कॉर्निंगच्या तिघांनी दाखवलं. पेटंट फक्त तिसऱ्या गोष्टीचं निघालं, आणि तेही गिऱ्हाईक आल्यावर जेमतेम सहा वर्षं कामी आलं. अन्याय शोधायचाच असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला थोडा थोडा सापडेल.