कसीदा आणि कारावास : लाहोरचा कवी मसूद साद सलमान

इ.स. १०४० मध्ये दंदानकानच्या लढाईत सेल्जुक तुर्कांनी गझनवींचा पराभव केला आणि खुरासान कायमचा त्यांच्या हातून गेला. गझनीच्या महमूदाने उभारलेल्या साम्राज्याचे मोठे आधार आता दोनच उरले : राजधानी गझनी आणि पंजाबातील लाहोर. याच लाहोरात, त्या पराभवानंतर काही वर्षांनी, मसूद साद सलमान जन्मला. घराणे मूळचे हमदानचे. वडिलांची हयात गझनवींच्या चाकरीत गेली होती.

सुलतान इब्राहिमने आपला पुत्र सैफ-उद-दौला महमूद याला हिंदुस्थानचा सुभा दिला, तेव्हा मसूदचे नशीब उघडले. शाहजाद्याच्या स्वाऱ्यांत तो बरोबर असे आणि विजयाचे कसीदे रची. आग्र्याचा किल्ला जिंकल्याचा त्याचा कसीदा प्रसिद्ध आहे. ताजमहालाच्या साडेपाचशे वर्षे आधीचे हे आग्रा, हे येथे ध्यानात ठेवावे.

कसीदा ही केवळ स्तुती नव्हे. त्यात आश्रयदात्याचे नाव घ्यावे लागते, त्याचे शौर्य आणि औदार्य वर्णावे लागते, आणि तो भर दरबारात वाचला जातो. म्हणजेच कवी आपल्या निष्ठेचा लेखी पुरावा स्वतःच्या हाताने तयार करीत असतो. आश्रयदात्याचा सूर्य डोक्यावर असेपर्यंत हा पुरावा म्हणजे वैभव. तो मावळला की तेच दोषारोपपत्र.

शाहजादा सेल्जुक सुलतान मलिकशाहकडे जाण्याच्या बेतात आहे, अशी वार्ता गझनीला पोहोचली. खरी की खोटी, हा प्रश्न दुय्यम ठरला. ज्यांनी खुरासान घेतला, त्यांच्याच आश्रयाला आपला पुत्र जाणार, ही शंकाच पुरेशी होती. इब्राहिमने पुत्राला कैद केले आणि त्याच्या निकटवर्तीयांनाही किल्ल्यांवर धाडले. त्यांत मसूदही होता.

त्याने आपल्या बंदिवासाचा हिशेब कवितेतच दिला आहे : सू आणि दहक या किल्ल्यांत सात वर्षे, पुढे नाय येथे तीन. ‘नाय’चा फारसीत दुसरा अर्थ बासरी. हा श्लेष त्याने वाया जाऊ दिला नाही. कैदेतच बहरामी नावाच्या एका वृद्धाकडून तो खगोलविद्या शिकला. एकीकडे सुलतानाच्या दयेसाठी कसीदे लिहिणे चालूच होते. ज्या विद्येने बेड्या पडल्या, तीच सुटकेचे एकमेव साधन होती.

अखेर दरबारातल्या रदबदलीने तो सुटला. एवढे भोगल्यावर त्याने दरबारापासून दूर राहायला हवे होते, असे आज सहज म्हणता येते. पण फारसी कवीला दरबाराबाहेर पोट कोठे होते? १०९९ मध्ये इब्राहिम वारला आणि तिसरा मसूद गादीवर आला. हिंदुस्थानच्या कारभारातील वजनदार अधिकारी अबू नसर फारसी याने कवीला जवळ केले आणि जालंधरचा अंमल दिला. मग अबू नसरची मर्जी गेली आणि पुन्हा तेच घडले. या वेळी मरंजचा किल्ला, सुमारे आठ वर्षे. वय पन्नाशीपलीकडे गेले होते.

या काळकोठड्यांतून जन्मलेल्या कवितांना ‘हब्सिया’ म्हणतात. हब्स म्हणजे कैद. हा प्रकार फारसीत पुढे इतका रुजला, की १८४७ मध्ये जुगाराच्या गुन्ह्यात तुरुंगात गेलेल्या गालिबनेही फारसीत हब्सिया लिहिली. बाराव्या शतकातील निजामी अरुझी ‘चहार मकाला’त सांगतो, की मसूदची बंदिवासातील कविता वाचताना अंगावर काटा उभा राहतो. एवढ्या मोठ्या कवीला कैदेत ठेवल्याचा कलंक त्याने थेट गझनवी घराण्याच्या माथी मारला आहे. सुलतानांच्या हयातीत हे कोण बोलणार होते, हा भाग वेगळा.

सुटकेनंतर मसूद गझनीच्या शाही ग्रंथालयाचा प्रमुख झाला. पण दरबार काही शांत झाला नव्हता. १११५ मध्ये तिसरा मसूद वारला आणि त्याच्या पुत्रांत गादीसाठी रक्तपात सुरू झाला. अर्सलानशाहने भाऊ शीरजादला संपवले, बहरामशाहने अर्सलानला. वृद्ध कवी १११७ नंतरही काही वर्षे जगला. त्याच्या दीवानात अर्सलानशाहची स्तुती आहे, आणि बहरामशाहचीही.