लीथचे तेरा नियम

गोल्फविषयीं आपल्याकडील सुशिक्षितांचा समज बहुधा इतकाच असतो कीं, तो श्रीमंत व निवृत्त लोकांचा फिरण्याचा एक खर्चिक प्रकार आहे. त्याचे नियम वाचूं गेल्यास ते कायद्याच्या पुस्तकासारखे किचकट वाटतात आणि वाचक कंटाळून पुस्तक मिटतो. परंतु हे नियम प्रथम कां व कोणासाठीं लिहिले गेले हें पाहिलें, म्हणजे त्यांतील पुष्कळसा किचकटपणा नाहींसा होतो; इतकेंच नव्हे, तर आपल्या विटीदांडूकडेहि निराळ्या दृष्टीनें पाहतां येतें.

स्कॉटलंडांत हा खेळ फार जुना. तिरंदाजीच्या अभ्यासाकडे लोकांचें दुर्लक्ष होतें म्हणून तेथील पार्लमेंटानें १४५७ सालीं त्यावर बंदी घातली होती. असें असूनहि आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने लेखी नियम १७४४ सालचे आहेत. मधल्या तीनशें वर्षांत लोक खेळले ते केवळ रीतीवर. मग १७४४ सालींच नियम लिहिण्याची गरज कां पडली? त्या वर्षीं एडिंबरो शहराच्या नगरसभेनें चांदीची एक काठी बक्षीस लावली आणि लीथच्या मैदानावरील सामना बाहेरगांवच्या खेळाडूंसहि खुला केला. रोजचे सोबती एकमेकांची रीत जाणतात. परका आला कीं ती शब्दांत मांडावी लागते. तो सामना जॉन रॅट्रे नांवाच्या एका शस्त्रवैद्यानें जिंकला.

हे नियम अवघे तेरा. चेंडू पाण्यांत किंवा चिखलांत गेला तर तो बाहेर काढावा, पण प्रतिपक्षास एक फटका द्यावा. चेंडू हरवला तर मागील जागीं परत जावें व पुन्हां एक फटका द्यावा. ज्याचा चेंडू खळग्यापासून सर्वांत लांब, त्यानें आधीं खेळावें. माणूस, घोडा किंवा कुत्रा आडवा येऊन चेंडू थांबला, तर तो थांबला तेथूनच खेळावा. वाटेंतील दगड व हाडें, चांगल्या हिरवळीखेरीज, बाजूस सारूं नयेत. हाडें! या एका शब्दानें तें मैदान डोळ्यांपुढें उभें राहतें. तें राखीव उद्यान नव्हतें. जेथें जनावरें व घोडेस्वार यांचा वावर असे, अशी ती गांवची मोकळी जागा होती. शेवटच्या नियमांत तर 'शिपायांच्या रांगा' असें एका जागेचें नांवच आलें आहे. अशा ठिकाणीं काय काय आडवें येईल याचा हिशेब म्हणजेच हे नियम. नशीब जसें पडेल तसें सोसावें, आणि सुटका हवी असल्यास तिची किंमत मोजावी, एवढें धोरण ध्यानांत ठेवलें कीं आजचें पुस्तकहि उलगडतें.

हिंदुस्थानांत हा खेळ साहेबाबरोबर आला. १८२९ सालीं कलकत्त्यास आणि १८४२ सालीं मुंबईस गोल्फचे क्लब निघाले. आमच्या जालन्यास १८२७ पासून हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. ती फौज १९०३ सालीं मोडली. पण या मुलखांतील पोरांचा खरा दांडूचा खेळ विटीदांडूच. त्यांत 'वकट, लेंड, मूंड, नाल' असें मोजतात. हे तेलुगूंतील ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु हेच आंकडे होत. जालना १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत, तेलुगू मुलखाशीं एका सत्तेखालीं होता. तेव्हां येथें तेलुगू मोजणीचें नवल वाटणार नाहीं. परंतु पुण्याचीं पोरेंहि हेच आंकडे म्हणतात, आणि त्याचें उत्तर निजामाच्या सत्तेंत सांपडत नाहीं. न लिहिलेला नियम तोंडोंतोंडीं किती दूर जातो, याचा हा उत्तम पुरावा आहे. मात्र तो जातां जातां बदलतो. टोला कोणता धरावा आणि राज्य कधीं उतरतें यांवर आळीआळींत मतभेद, आणि निकाल काय तो 'रडीचा डाव' या आरोळीनें!

आपले खेळ कागदावर आले तेहि लीथच्याच कारणानें. निरनिराळ्या गांवांचे संघ समोरासमोर येऊं लागले तेव्हां घरगुती रीत पुरेना. पुण्यास १९१४ च्या सुमारास खोखोचे नियम बांधण्यास आरंभ झाला, आणि अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळानें १९३५ सालीं ते प्रसिद्ध केले. मात्र येथें एक महत्त्वाचा भेद आहे. आम्हीं नियमाबरोबर पंच उभा केला, आणि हातघाईच्या खेळांत तो हवाच. गोल्फचें मैदान एवढें विस्तीर्ण कीं प्रत्येक चेंडूमागें पंच धावणें शक्य नाहीं. म्हणून चूक झाल्यास ती खेळणारानें आपणहून सांगावी, असें ठरून गेलें.

याची कसोटी १९२५ च्या अमेरिकेच्या खुल्या स्पर्धेंत लागली. बॉबी जोन्सचा चेंडू उंच गवतांत होता. काठी लावतांना तो किंचित् हलला. जोन्सखेरीज कोणीहि तें पाहिलें नाहीं. त्यानें स्वतःच एक फटका दंड सांगितला. अखेर त्याची व विली मॅकफार्लेनची बरोबरी झाली आणि निर्णायक खेळांत जोन्स हरला. तो एक फटका धरला नसता तर बरोबरीचा प्रश्नच उरला नसता.

पुढें हें नियमांचें पुस्तक बरेंच वाढलें. २०१९ सालीं तें सोपें करण्यासाठीं चौतीस नियमांचे चोवीस केले, आणि हरवलेला चेंडू शोधण्याची मुदत पांच मिनिटांवरून तीनांवर आणली. शोधतांना किंवा खळग्याजवळच्या हिरवळीवर चेंडू चुकून हलला, तर आतां दंड नाहीं. उंच गवतांत मात्र काठी लावतांना तो हलला तर एक फटका धरावा लागतो. जोन्सचा तो दंड आजच्या पुस्तकानेंहि माफ केलेला नाहीं.